रत्नागिरीत शिकायला येणाऱ्या मुलीसाठी खोली, वाट आणि रात्रीचा प्रवास: काय काय तपासून घ्यावं?

आंबाघाट_पलीकडे

नमस्कार मंडळी. मुलीला रत्नागिरीत एमएस्सीला प्रवेश मिळाला आहे, मिरजोळे एमआयडीसीतल्या विद्यापीठाच्या उपपरिसरात. आम्ही सांगली जिल्ह्यातले, कोकणाची ओळख गणपतीपुळ्याच्या सहलीपुरती.

दोन खोल्या बघून ठेवल्यात. एक नाचण्याच्या बाजूला आतल्या आळीत. भाडं कमी, घरमालक मुंबईला असतात, मोठ्या रस्त्यावरून पाखाडीनं, म्हणजे पायऱ्यांच्या अरुंद वाटेनं, उतरलं की पाच मिनिटांत खोली. दुसरी मारुती मंदिर भागात रस्त्यालगत, महिन्याला दीड हजार जास्त, खाली घरमालक राहतात. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय धरून तिला परतायला सात-साडेसात होतील. सुट्टीला एसटीनं गावी, अधूनमधून मुंबईला रेल्वेनं.

खोली ठरवताना काय बघायचं, रोजच्या वाटेवर काय सांभाळायचं, आणि कुणी त्रास दिलाच तर नेमकं कुठे जायचं? "गाव शांत आहे, काही होत नाही" असं सगळेच सांगतात. तेवढ्यावर पोरीला सोडायचं मन होत नाही.

जांभाचिरा

दादा, खोल्या दिवसा बघितल्या असणार. आता त्याच खोल्या रात्री आठला बघा, एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी. मुलगी जिथे उतरणार तिथून खोलीच्या दारापर्यंत चालत जा. वाटेत किती खांबांवर दिवा खरोखर लागतो ते मोजा. शेवटचं उघडं दुकान कुठलं आणि ते किती वाजता बंद होतं ते विचारा. आणि किती घरांत माणूस आहे ते बघा.

हे शेवटचं कोकणात फार महत्त्वाचं. तुमच्याकडे रस्त्याला घरं असली म्हणजे माणसं असतात. इथे दोन्ही बाजूंना चिरेबंदी घरं दिसतील, पण बरीचशी कुलूपबंद. गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारी. पडवीत दिवा जळतोय म्हणून घरात कुणी आहे असं धरू नका, शेजारचं माणूस संध्याकाळी येऊन दिवा लावून जातं. म्हणून थेट विचारायचं, "या आळीत वर्षभर राहणारी घरं कुठली?" त्यातल्या दोन घरांचे फोन नंबर घ्या आणि मुलीची तिथे समोरासमोर ओळख करून द्या. पुढे कधी हाक मारायची वेळ आली तर दार कुठलं उघडेल हे तिला ठाऊक असलं पाहिजे.

रात्रीसारखीच दुपारही बघा. एक ते चार इथली बरीच दुकानं बंद असतात आणि आतले रस्ते रात्री दहासारखे सामसूम होतात. दुपारी तासिका लवकर सुटली तर मुली बिनधास्त आतल्या वाटेनं जातात, कारण ऊन असतं. ऊन असलं तरी बघणारं कुणी नसतं.

पाखाडीचं स्पष्ट सांगतो: दिवेलागणीनंतर ती वाट बंद. दोन्ही बाजूंना छातीएवढे गडगे, म्हणजे दगडी कुंपणभिंती, मध्ये वळणं, खाली पायऱ्या. समोरून कुणी आडवं आलं तर बाजूला व्हायला जागा नाही, मागे धावावं तर पायऱ्या चढाव्या लागतात, आणि गाडीचा उजेड तिथे कधीच पडत नाही. जुलैत चिऱ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा चप्पल घालून पळणं म्हणजे पाय मोडून घेणं. गाडीरस्त्यानं दहा मिनिटं जास्त लागली तरी तोच घ्यायचा, आणि हे मुलीबरोबर आधीच ठरवून टाका. दमून आल्यावर प्रत्येकाला जवळची वाट बरी वाटते.

पावसाळ्यात आणखी एक होतं. वारा सुटला की वीज जाते आणि रस्त्यावरचे दिवे, घरातले दिवे, दुकानांचे फलक सगळं एकदम काळोखात. मोबाइलच्या टॉर्चवर भिस्त ठेवू नका, कारण नेमकी तेव्हाच फोनची बॅटरी फोनसाठी लागते. हातात मावणारी वेगळी विजेरी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हवी. एकटीनं चालताना छत्रीपेक्षा रेनकोट बरा, पण बघून घ्या. काळा नको, पिवळा किंवा केशरी घ्या, पाठीवर चमकणारी पट्टी असलेला. टोपी अशी हवी की मान वळवली की टोपीही वळेल. सैल टोपी जागेवरच राहते आणि बाजूचं काहीच दिसत नाही. त्यात पावसाच्या आवाजात मागून येणारी दुचाकी ऐकू येत नाही, म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून गाड्या येतील असं चालायचं, पिशवी रस्त्याच्या उलट्या खांद्यावर. कानात इअरफोन नकोतच.

दिवा बंद असेल तर तक्रार कुणाकडे करायची हेही आधीच विचारून ठेवा. नगरपरिषदेच्या हद्दीत नगरपरिषद, एमआयडीसीच्या रस्त्यांना एमआयडीसी. नाचणे, मिरजोळे, कुवारबाव, शिरगाव, खेडशी या स्वतंत्र ग्रामपंचायती आहेत. हद्द कळली नाही की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आणि दिवा गणपतीपर्यंत तसाच. लेखी अर्ज द्या, जवळच्या दुकानाची किंवा घराची खूण लिहा, पोच घ्या. पाच-सहा विद्यार्थ्यांच्या सह्या असल्या तर काम लवकर हलतं.

माझं मत विचाराल तर मारुती मंदिरची खोली घ्या. कोल्हापूरकडून येणारी एसटी कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर अशीच शहरात शिरते, म्हणजे गावाहून आल्यावर ती खोलीजवळच उतरेल. दीड हजारात उजेड, वर्दळ आणि खाली राहणारं माणूस मिळत असेल तर तो खर्च वाया नाही.

खोली कुठलीही घ्या, एवढं करा. कुलूप स्वतःचं नवीन लावा, आधीच्या भाडेकरूंकडे जुन्याच्या किल्ल्या असतात. दाराला आतून वर आणि खाली अशा दोन कड्या. खिडकीचे गज हातानं ओढून बघा, खाऱ्या हवेनं मुळाशी गंजलेले असतात आणि वरून रंग मारलेला असतो. न्हाणीघर मागीलदारी असेल तर तिथे जायच्या वाटेवर दिवा आणि त्याचं बटण घराच्या आत. भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी केलेला हवा, ती घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात त्यांनीच द्यायची असते. त्याला टाळाटाळ करणारा मालक असेल तर खोली सोडा.

तालुका_कचेरी

कुठे जायचं ते मी सांगते.

आधी ११२, आपत्कालीन मदतीचा नंबर. महाराष्ट्रात हा फोन आपल्या गावात उचलला जात नाही, नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून जिल्ह्यातल्या गाडीला निरोप जातो. गोंधळ इथेच होतो. घाबरलेलं माणूस "शिवाजीनगरला आहे, लवकर या" म्हणतं आणि शिवाजीनगर तर गावोगाव आहे. मुलीला क्रम पाठ करून द्या: जिल्हा, शहर, भाग, खूण, मग काय झालं. "रत्नागिरी जिल्हा, रत्नागिरी शहर, मारुती मंदिर, अमुक बँकेच्या समोर, एक माणूस पाठलाग करतोय." फोन लगेच ठेवायचा नाही. कट झालाच तर तिकडून परत फोन येऊ शकतो, तो उचलायचा. पडद्यावर "फक्त आपत्कालीन कॉल" दिसत असेल तरी ११२ लावून बघायचा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही तो लागू शकतो. महिलांसाठी १०९१ आणि १८१ आहेत, पण संकट आत्ता चालू असेल तर ११२च.

शहरात शहर पोलीस ठाणं आणि आजूबाजूला ग्रामीण पोलीस ठाणं असे दोन भाग आहेत. मुलीनं हद्द शोधत बसायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र (म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवावी लागते, मग ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. लैंगिक स्वरूपाच्या गुन्ह्यात मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायचा असतो. नोंदवलेल्या तक्रारीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. नोंदवायला नकार दिला तर तोच मजकूर लेखी करून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवता येतो.

पाठलागाबद्दल थोडं सविस्तर, कारण कॉलेजच्या आसपास जास्त हेच होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. मुलीनं स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणं, बोलायचा प्रयत्न करणं, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. पण पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, हे आधीच माहीत असू द्या. तक्रार केली म्हणजे तो दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसणारच नाही असं नाही. त्या आठवड्यात येण्याजाण्याची वेळ बदला आणि सोबत ठेवा.

पुरावा असा जमवायचा: एकदा, एकाच स्पष्ट वाक्यात "मला संपर्क करू नका" असा संदेश पाठवायचा. त्यानंतर उत्तर नाही, शिवी नाही, समजूत नाही. गप्पा पुसून टाकायच्या नाहीत. नंबर आणि तारीख दोन्ही दिसतील असे स्क्रीनशॉट घेऊन घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवायचे. रागानं ब्लॉक करून सगळं पुसलं की मग हातात काही उरत नाही. एका वहीत तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर. रस्त्यावर काही घडलं असेल तर त्याच दिवशी जवळच्या दुकानाला किंवा सोसायटीला सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा. हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, कुठे आठ दिवसांत, कुठे महिन्याभरात.

त्रास देणारा कॉलेजमधलाच असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांप्रमाणे चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर दर्शनी भागात लावलेले असले पाहिजेत. प्रवेशाच्या दिवशीच तो फलक शोधा आणि फोटो काढून ठेवा. नसेल तर कार्यालयात तिथल्या तिथे विचारा. बाहेरचा माणूस त्रास देत असला तरी कॉलेजनं मदत करायला हवी, "गेटबाहेरचं आम्ही बघत नाही" एवढ्यावर परत येऊ नका. रॅगिंगची तक्रार करायला १८००-१८०-५५२२.

रेंज_नाही

फोनची तयारी ती निघायच्या आधी घरीच करून द्या.

पॉवरचं बटण पटापट दाबलं की आपत्कालीन फोन लागतो. भारतात आयफोनवर तीन वेळा, बऱ्याच नव्या अँड्रॉइडवर पाच वेळा, पण कंपनीगणिक फरक पडतो. सेटिंगमध्ये "सेफ्टी अँड इमर्जन्सी" उघडून काय चालू आहे ते बघा आणि घरच्यांचे दोन नंबर तिथे भरा. खिशात चुकून फोन लागला तर घाबरून कट करू नये, "चुकून लागला, सुरक्षित आहे" असं सांगावं.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास चालतं. रोजच्या परतीला एक तासाचं पुरे. एक लक्षात ठेवा, डेटा गेला की नकाशावरचा ठिपका शेवटच्या जागी तसाच थांबलेला दिसतो आणि घरचे समजतात पोरगी तिथेच उभी आहे. सड्यावरून, म्हणजे उंच कातळमाळावरून, खाली उतरलं की इथे रेंज जाते, वादळात टॉवर बंद पडतात. त्यामुळे ठिपक्यावर विसंबू नका. "निघाले" आणि "पोचले" असे दोन साधे एसएमएस ठेवा, क्षीण सिग्नलवरही ते जातात. "पोचले" आलं नाही तर किती मिनिटांनी फोन करायचा, फोन नाही लागला तर रत्नागिरीतल्या कुणाला सांगायचं, हे ठरलेलं असू द्या. सांगलीतून तुम्ही त्या क्षणी काहीच करू शकणार नाही, म्हणून गावातलं एक माणूस हवंच.

*#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर क्रम असा: सिम बंद करून त्याच नंबरचं नवीन घ्या, पोलिसात तक्रार द्या, मग संचार साथी संकेतस्थळावर फोन ब्लॉक करा. ब्लॉक करताना ओटीपी लागतो, म्हणून सिम आधी. यूपीआय बंद करायला बँकेला फोन मात्र पहिल्या पाच मिनिटांत.

आणि खोलीसाठी ऑनलाइन "टोकन" अजिबात पाठवू नका. "पैसे परत देतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" म्हणणारा लुबाडणाराच. पैसे घ्यायला पिन लागत नाही. गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर.

आंबाघाट_पलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. मारुती मंदिरची खोली नक्की करतो. दोन शंका राहिल्या. मिरचीचा स्प्रे घेऊन द्यावा का? आणि मुंबईहून येणारी गाडी रात्री दोन-तीनला रत्नागिरीत पोचत असेल तर काय करावं?

भरती_ओहोटी

स्प्रेला माझा विरोध नाही, पण त्याच्या भरवशावर वाट निवडू नये. त्याचा पल्ला दोन-तीन मीटर. आपल्याकडे संध्याकाळी वारा कुठून येतो आणि कधी फिरतो याचा नेम नसतो. समुद्राकाठी मांडवीला किंवा भाट्याच्या पुलावर समोरून वारा असताना उडवला तर अर्धा स्वतःच्याच डोळ्यात. घ्यायचाच तर फवाऱ्यापेक्षा सरळ धार सोडणारा घ्या, डब्यावरची मुदत बघा, आणि मोकळ्या जागी वाऱ्याकडे पाठ करून एकदा उडवून बघायला लावा. पिशवीच्या तळाशी असलेला स्प्रे कामाचा नाही. किल्लीच्या जुडग्याला लावलेली शिट्टी जास्त उपयोगी, तिला वारा आणि मुदत दोन्हीची अडचण नाही. ओरडताना "वाचवा" पेक्षा "ए निळा शर्ट, मागे हो" असं नेमकं ओरडायचं. आजूबाजूच्या लोकांना कोण त्रास देतोय ते लगेच कळतं.

जांभाचिरा

भरती_ओहोटी यांच्याशी सहमत. समुद्राचा विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात किनाऱ्यावर अंधार पडल्यावर थांबू नये आणि पाण्यात तर दिवसाही उतरू नये. मित्रमैत्रिणींच्या आग्रहाला इथे ठाम नाही म्हणायचं.

मागीलदार

माणसांबद्दल सगळं सांगून झालं, दोन गोष्टी जनावरांच्या. चिऱ्याच्या गडग्यातल्या फटीत फुरसं असतं, वीतभर-हातभर लांबीचं, अंगावर अंग घासून खरखर आवाज करतं. रात्री बाहेर पडताना बंद बूट आणि पायाशी उजेड, गडग्यावर हात टेकायचा नाही. चावलं तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालायचं नाही. पाय हलणार नाही असा ठेवून १०८ किंवा मिळेल ती गाडी करून थेट जिल्हा रुग्णालय. छोटंसं आहे म्हणून सकाळपर्यंत थांबणं जिवावर येतं, त्याच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची.

कोकणकन्या_नाही_मांडवी

रेल्वेचं सांगतो. रत्नागिरी स्टेशन कुवारबावला, शहरापासून सहा-सात किलोमीटर. रात्री दोन-तीनला पोचणारी गाडी शक्यतो घेऊच नका, दिवसाच्या गाड्या आहेत. तिकीट काढताना एक बघा: जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो. उन्हाळ्यात रात्री नऊला येणारी गाडी पावसात बरीच उशिरा येऊ शकते. जुन्या वेळेवर कुणाला न्यायला बोलावलं तर तो ताटकळून परत जातो.

मुंबईहून येताना संगमेश्वर गेलं की घरी आणि न्यायला येणाऱ्याला फोन करून घ्यायचा. पुढे उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा, तिथे फोन लागत नाही. बोगद्यातून बाहेर पडलं की सामान आवरायला घ्यायचं. गाडीत कुणी त्रास दिला तर रेल्वेच्या मदतीचा नंबर १३९, सोबत डबा आणि आसन क्रमांक सांगायचा.

अवेळी उतरावं लागलंच आणि न्यायला कुणी नसेल तर स्टेशनाबाहेर पडायचं नाही. प्रतीक्षालयात, जिथे इतर प्रवासी आणि रेल्वे पोलीस दिसतात तिथे, उजाडेपर्यंत बसायचं. त्यापेक्षा चांगलं म्हणजे घरमालकांच्या ओळखीचा एक रिक्षावाला आधीच ठरवून ठेवा, त्याचा नंबर मुलीकडे आणि तुमच्याकडेही. अनोळखी रिक्षा करायची झाली तर पिवळ्या पाटीची, परवान्याचीच. भाडं बसण्याआधी ठरवायचं, मागच्या पाटीचा फोटो घरी पाठवायचा आणि चालकाला ऐकू जाईल असं फोनवर बोलायचं, "कुवारबावहून निघाले, एमएच ०८ अमुक, वीस मिनिटांत मारुती मंदिर." रिक्षात आधीच कुणी बसलेलं असेल तर ती सोडून द्यायची.

खाजगी ट्रॅव्हल्सनं मुंबईहून येणार असाल तर बुकिंग करतानाच विचारा, गाडी शहरात येते का. गोव्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या हातखंब्याच्या तिठ्यावर उतरवून पुढे निघून जातात. पहाटे चारला महामार्गावर, हातात बॅगा, आणि शहर अजून बरंच आत. तिकिटावर नुसतं "रत्नागिरी" लिहिलेलं असतं, उतरायचा थांबा वेगळा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे भरू नका.